मोरोक्कन जोडीदाराशी परदेशात लग्न: कॉन्सुलेटमध्ये नोंद कशी करावी

नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या नगरपालिकेत किंवा पुण्यातल्या विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न झालं, दाखला हातात आला, की काम संपलं असंच वाटतं. पण जोडीदार मोरोक्कोचा नागरिक असेल तर त्याच्या देशाच्या दप्तरी तो अजून अविवाहितच असतो. तिथली नोंद मोरोक्कोच्या कॉन्सुलेटमधून वेगळी करून घ्यावी लागते. ती अडते ती बहुधा लग्नाच्या दिवशीच राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टींमुळे. म्हणून हा लेख शक्यतो लग्नाची तारीख घेण्याआधी वाचावा. लग्न होऊन गेलेल्यांसाठीही वाट आहे, ती पुढे सांगितली आहे.

मोरोक्कोचा कुटुंब कायदा, ज्याला तिथे मुदव्वना म्हणतात, फेब्रुवारी २००४ पासून आजच्या स्वरूपात लागू आहे. त्यातली दोन कलमं सगळ्यात आधी आपल्या कामाची. कलम १४ म्हणतं, परदेशात राहणाऱ्या मोरोक्कन नागरिकाला त्या देशाच्या पद्धतीनं लग्न करता येईल, पण काही अटी पाळून: दोघांची स्पष्ट संमती, लग्नाची पात्रता, कुठलाही अडथळा नसणं, सदाक म्हणजे मेहेर रद्द केल्याचा करार नसणं आणि दोन मुस्लिम साक्षीदार. कलम १५ मुदत सांगतं. लग्नाच्या तारखेपासून तीन महिन्यांत विवाह दाखल्याची प्रत कॉन्सुलेटमध्ये जमा करायची. उशीर झाला म्हणून लग्न रद्द होत नाही, पण खुलासे द्यावे लागतात आणि दरम्यान जन्मलेल्या बाळाचं काम लटकतं.

पहिला प्रश्न धर्माचा

हे आधी स्पष्ट करून घ्या, कारण पुढची सगळी कागदपत्रं यावर ठरतात. कलम ३९ नुसार मुस्लिम स्त्रीचं बिगर-मुस्लिम पुरुषाशी लग्न मान्य होत नाही. मुस्लिम पुरुषाला मात्र ख्रिश्चन किंवा ज्यू स्त्रीशी लग्न करता येतं. म्हणजे वसईची ख्रिश्चन मुलगी, गोव्याची कॅथलिक मुलगी किंवा अलिबागकडची बेने इस्रायली मुलगी मोरोक्कन मुस्लिमाशी लग्न करते तेव्हा तिला धर्म बदलावा लागत नाही. हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख मुलीला ही सवलत नाही. ‘फक्त मुलांनाच धर्मांतराची अट असते’ असं अनेकांनी ऐकलेलं असतं. ते युरोपातल्या ख्रिश्चन मुलींच्या अनुभवावरून आलेलं आहे, आपल्याकडच्या बहुतेक मुलींना लागू पडत नाही.

ज्यांनी इस्लाम स्वीकारला आहे त्यांच्या स्वीकाराच्या दाखल्यावरची तारीख लग्नाच्या तारखेआधीची असावी लागते. आधी लग्न आणि सहा महिन्यांनी दाखला, असा क्रम असला तर लग्नाच्या दिवशी अडथळा होता असा अर्थ निघतो आणि फाइल थांबते. मोरोक्कोत हा दाखला अदूल करतात. अदूल म्हणजे शरई दस्त लिहिणारे नोटरी, ते जोडीनं काम करतात. परदेशात इस्लामी केंद्राकडून दाखला घेतला जातो. कोणत्या संस्थेचा दाखला चालेल हे ज्या कॉन्सुलेटमध्ये फाइल जाणार आहे त्यालाच आधी विचारा.

हा श्रद्धेचा प्रश्न आहे. शिक्क्यासाठी, दोन दिवसांत, घरच्यांना न सांगता उरकण्याची ही गोष्ट नाही. धर्म बदलायचा नसेल तर लग्न जिथे झालं त्या देशात ते कायदेशीर राहील, भारतातही विशेष विवाह कायद्याखाली झालेलं लग्न पक्कं आहे. मोरोक्कोच्या दप्तरी मात्र ते चढणार नाही. त्याचा अर्थ काय होतो हे दोघांनी समोरासमोर बसून बोलून घ्यावं: तिथे पती-पत्नी म्हणून राहण्याचा परवाना मिळायला अडचण, मुलांच्या नोंदीला अडचण, आणि लग्नाबाहेरचे संबंध तिथल्या दंडसंहितेच्या कलम ४९० खाली गुन्हा.

जोडीदार मोरोक्कन ज्यू असेल तर हे नियम नाहीत. त्यांना त्यांचा हिब्रू वैयक्तिक कायदा लागू होतो.

लग्नाच्या दिवशी काय जपायचं

भारतात असं लग्न करायचं तर सहसा विशेष विवाह कायदा, १९५४ हाच मार्ग. दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस वास्तव्य केलेलं असावं लागतं, मग नोटीस, नोटिशीचे ३० दिवस आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न. मोरोक्कन जोडीदाराकडे त्याच्या वकिलातीचा अविवाहित असल्याचा किंवा हरकत नसल्याचा दाखला मागितला जातो. तो मिळवायला वेळ लागतो, म्हणून नोटिशीआधीच हालचाल करा.

या कायद्याला तीन साक्षीदार लागतात. त्यातले दोन मुस्लिम ठेवा, आणि पुरुष असतील तर पुढे वाद उरत नाही. नेदरलँड्स, फ्रान्स, बेल्जियम कुठेही लग्न असलं तरी हेच करा. त्यांच्या पासपोर्टची किंवा ओळखपत्राची प्रत त्याच दिवशी घेऊन ठेवा. नंतर साक्षीदार गाव सोडून जातात, फोन बदलतात, आणि एका प्रतीसाठी महिना जातो.

साक्षीदारांची ही अट सैल करण्याचा प्रस्ताव डिसेंबर २०२४ मध्ये मोरोक्कोत कायदा-सुधारणेच्या मसुद्याबरोबर जाहीर झाला: परदेशात मुस्लिम साक्षीदार मिळणं अशक्य असेल तर त्यांच्याविना लग्न मान्य करावं, असा. प्रस्ताव कायदा होऊन अंमलात आल्याचं कॉन्सुलेट सांगत नाही तोवर जुन्या नियमानंच चाला.

सदाक ही पत्नीची स्वतःची मालमत्ता. रक्कम माफक असावी अशीच कायद्याची शिफारस आहे, आणि तिचा काही भाग नंतर द्यायचा असंही ठरवता येतं. आकडा दोघांनी आधी ठरवून ठेवा. कॉन्सुलेटच्या टेबलावर पहिल्यांदा विचारला गेला की उगाच ओशाळल्यासारखं होतं.

कागदपत्रं

मोरोक्कन जोडीदाराकडून:
- राष्ट्रीय ओळखपत्र आणि पासपोर्ट, मूळ आणि प्रती
- जन्मनोंदीची संपूर्ण प्रत, अलीकडे काढलेली
- आधीचं लग्न असल्यास घटस्फोटाचा किंवा मृत्यूचा पुरावा

भारतीय जोडीदाराकडून:
- पासपोर्ट, जन्मदाखला, राहत्या देशातला वास्तव्याचा पुरावा
- लग्नाआधी अविवाहित असल्याचा पुरावा
- लागू असेल तर इस्लाम स्वीकाराचा दाखला

दोघांचे फोटो आणि विवाह दाखल्याची संपूर्ण प्रत या दोन गोष्टी सामाईक. कॉन्सुलेटगणिक यादी थोडी बदलते, म्हणून तिथली यादी मागवून तिच्याशी ताळा करा.

‘संपूर्ण प्रत’ या शब्दावर अडून राहा. मोरोक्कोत जन्मनोंदीचा छोटा उतारा सहज मिळतो, पण लग्न-घटस्फोटाचे शेरे मूळ नोंदीच्या समासात असतात आणि ते वाचायला संपूर्ण प्रत लागते. विवाह दाखल्याचंही तेच. युरोपातल्या नगरपालिका बहुभाषी छोटा उतारा देतात, त्याला भाषांतर लागत नाही म्हणून तो सोयीचा वाटतो. पण त्यावर साक्षीदारांची नावं नसतात, आणि कॉन्सुलेट नेमकी तीच शोधतं.

मोठी फसगत होते ती जुन्या घटस्फोटात. मोरोक्कन जोडीदाराचा घटस्फोट समजा बेल्जियमच्या न्यायालयात झाला. बेल्जियमच्या दृष्टीनं तो मोकळा आहे, पुन्हा लग्न करू शकतो. पण मुदव्वनाच्या कलम १२८ प्रमाणे तो निकाल मोरोक्कोतल्या न्यायालयाकडून अंमलबजावणीयोग्य ठरवून घेतल्याशिवाय त्याच्या जन्मनोंदीवर पहिली बायको तशीच असते. मग तुमचं लग्न दुसरं लग्न ठरतं, आणि त्याला तिथे न्यायालयाची वेगळी परवानगी लागते. हे काम मोरोक्कोतल्या वकिलामार्फत लग्नाआधी उरकून घ्या. घटस्फोटित किंवा विधवा स्त्रीच्या बाबतीत इद्दतीच्या, म्हणजे पुनर्विवाहाआधी थांबण्याच्या सक्तीच्या काळाच्या, तारखाही पाहिल्या जातात. विधवेसाठी चार महिने दहा दिवस, गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत, आणि घटस्फोटितेसाठी तीन पाळीचक्रं. लग्नाची तारीख या काळात पडत असेल तर ती पुढे ढकलणंच शहाणपणाचं.

अपॉस्टिल आणि भाषांतर

अपॉस्टिल म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून त्यावर लागणारा आंतरराष्ट्रीय कराराखालचा शिक्का. भारत २००५ पासून आणि मोरोक्को २०१६ पासून या करारात आहे. महाराष्ट्रात मिळालेल्या विवाह दाखल्यावर आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल. मंत्रालयाची फी कागदामागे ५० रुपये आहे, त्यावर सेवा केंद्राचे पैसे वेगळे. लग्न दुसऱ्या देशात झालं असेल तर दाखल्यावर त्याच देशाचं अपॉस्टिल घ्यायचं, भारतातलं चालणार नाही. आखातात ओमान, बहारीन आणि सौदी अरेबिया करारात आहेत. जो देश करारात नाही तिथे त्याच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि त्यावर मोरोक्कोच्या वकिलातीचा शिक्का, असा लांबचा रस्ता.

दाखला लॅमिनेट करू नका. आपल्याकडे महत्त्वाचा कागद हाती आला की पहिली धाव लॅमिनेशनच्या दुकानाकडे असते, पण प्लास्टिकवर शिक्का मारता येत नाही आणि नवी प्रत काढावी लागते. जुन्या, हस्तलिखित दाखल्यावरच्या अधिकाऱ्याच्या सहीचा नमुना शासनाकडे नसेल तरी प्रमाणीकरण अडतं. अशा वेळी ताजी प्रत काढणं हा जवळचा रस्ता.

भाषांतर अपॉस्टिल झाल्यानंतर करा, म्हणजे अपॉस्टिलचा मजकूरही त्यात येतो. ते अरबीत आणि अधिकृत भाषांतरकाराकडून हवं. काही कॉन्सुलेटना फ्रेंच चालतं, विचारून घ्या.

इथे नावांकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. अरबी वर्णमालेत ‘प’ नाही, तो ‘ब’ होतो. ‘च’ साठी दोन अक्षरं जोडावी लागतात, ‘ग’ साठी मोरोक्कोत काफ या अक्षरावर तीन टिंबं देतात, आणि ‘ळ’, ‘ण’ यांना जागाच नाही. त्यामुळे ‘चापेकर’ हे नाव तीन भाषांतरकार तीन तऱ्हांनी लिहितील. एकच अरबी लेखन ठरवा, कागदावर लिहून ठेवा आणि जन्मदाखला, विवाह दाखला, अर्ज सगळीकडे तेच वापरायला लावा. दुसरी गोष्ट मधल्या नावाची. पासपोर्टवर वडिलांचं नाव तुमच्या नावाला जोडून येतं, जन्मदाखल्यावर ते वेगळ्या रकान्यात असतं, आणि लग्नानंतर मुलीच्या कागदांवर कधी नवऱ्याचं नावही येतं. मोरोक्कन कारकुनाला या तीन वेगळ्या बाया वाटू शकतात. पासपोर्टवर आहे तसंच नाव विवाह दाखल्यावर घालून घ्या. फरक उरलाच तर ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र करा आणि त्यालाही अपॉस्टिल घ्या.

कॉन्सुलेटमध्ये

फाइल जाते ती लग्न जिथे झालं त्या भागाच्या कॉन्सुलेटमध्ये, तुम्ही आज जिथे राहता तिथल्या नव्हे. भारतातल्या लग्नासाठी नवी दिल्लीतली वकिलात. अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यावी लागते, म्हणून तीन महिन्यांतला पहिला महिना संपायच्या आत तारीख धरा. दोघांनी मिळून जा, मूळ कागद आणि प्रत्येकाच्या दोन प्रती घेऊन जा. जमा केल्याची पावती किंवा प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तीन महिन्यांची मुदत पाळल्याचा तोच पुरावा.

दाखल्यात मुस्लिम साक्षीदार किंवा सदाक यांचा उल्लेख नसेल, आणि नागरी विवाहात सदाक बहुधा नसतोच, तर पुरवणी दस्त करावा लागतो. लग्न होऊन गेलेल्यांसाठीची वाट ती हीच. अदूलांसमोर दोघं पती-पत्नी आणि दोन मुस्लिम साक्षीदार हजर राहतात, संमती आणि सदाक नोंदले जातात, आणि हा दस्त मूळ दाखल्याला जोडला जातो. प्रत्येक कॉन्सुलेटमध्ये अदूल असतातच असं नाही, त्यामुळे अपॉइंटमेंट घेतानाच ते विचारा. वधू सज्ञान असेल तर वलीची, म्हणजे तिच्या वतीनं करार करणाऱ्या पालकाची, सक्ती नाही, ती स्वतः करार करू शकते.

नंतरचा पाठपुरावा

जमा झालेली प्रत तिथून जोडीदाराच्या जन्मगावच्या नागरी नोंदणी कार्यालयाकडे आणि तिथल्या कुटुंब न्याय विभागाकडे जाते. जन्म मोरोक्कोबाहेरचा असेल तर राजधानी राबातमधला कुटुंब न्याय विभाग आणि तिथले सरकारी वकील यांच्याकडे. कागद वाटेत रेंगाळतो. पुढच्या वेळी मोरोक्कोला गेलात की जन्मगावच्या कार्यालयातून जन्मनोंदीची नवी संपूर्ण प्रत काढा आणि समासात लग्नाचा शेरा आला आहे का ते स्वतः वाचा. शेरा नसेल तर पावतीची प्रत तिथेच दाखवा.

ख्रिश्चन किंवा ज्यू पत्नीसाठी एक गोष्ट वेगळी. नोंद झाली तरी मुदव्वनाच्या कलम ३३२ प्रमाणे मुस्लिम आणि बिगर-मुस्लिम यांच्यात वारसा चालत नाही. मोरोक्कोत घर घ्यायचं असेल तर ते कोणाच्या नावावर, किती हिश्श्यानं, हे खरेदीच्या वेळीच नीट लिहून घ्या.

मुलांच्या बाबतीत, आई मोरोक्कन असली तरी २००७ पासून मूल जन्मानं मोरोक्कन नागरिक होतं. परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय नागरिकत्व हवं असेल तर एक वर्षाच्या आत भारतीय कॉन्सुलेटमध्ये जन्म नोंदवावा लागतो, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांना लिहून द्यावं लागतं. म्हणून मुलाचा मोरोक्कन पासपोर्ट काढण्याआधी कोणतं नागरिकत्व ठेवायचं ते ठरवा, मगच अर्ज भरा.