नेदरलँड्सला जायच्या आधी डच शिकायचंय? मग छोटी बॅच बघा

आधी एक ठरवून टाका, डच तुम्हाला परीक्षेसाठी हवंय की तिथल्या रोजच्या जगण्यासाठी, कारण त्यावरच क्लास कुठला ते ठरतं. नवरा किंवा बायको हायली स्किल्ड मायग्रंट म्हणून जात असेल (आइंडहोवनकडे जाणारे आपले बरेच आयटीवाले असेच जातात) तर सोबत जाणाऱ्याला निघायच्या आधी डचची परीक्षा द्यावी लागत नाही. पण जोडीदार तिथला नागरिक असेल किंवा कायमचा स्थायिक असेल तर सहसा इथूनच बासिसएक्सामन ही डचची परीक्षा द्यावी लागते, ती डच वकिलातीत कॉम्प्युटरवर होते, वाचन, बोलणं आणि तिथल्या समाजाची माहिती असे तीन भाग असतात आणि लेव्हल ए-वन, म्हणजे भाषेची अगदी पहिली पायरी. तुम्ही कशात बसता ते आयएनडीच्या (तिथल्या सरकारी इमिग्रेशन खात्याच्या) साइटवर स्वतः बघा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर राहू नका. या परीक्षेचा सरकारी अभ्यासक्रम 'नार नेडरलांट' नावाने नेटवर फुकट आहे, त्यामुळे क्लासवाला तेच पीडीएफ 'स्टडी मटेरियल' म्हणून विकत असेल तर सरळ पुढचा क्लास बघा.

आता छोटी बॅच का, तर साधा हिशोब आहे. दीड तासाच्या क्लासमध्ये १५ जण असतील तर सर-मॅडम एक शब्द बोलले नाहीत असं धरलं तरी तुमच्या वाट्याला ६ मिनिटं येतात, ५ जण असतील तर १८. आणि डच ही ऐकून कळते पण तोंडातून येत नाही अशी भाषा आहे हो, तो घशातला खरखरीत 'ख', आणि 'हाउस'सारखा वाटणारा पण ओठ गोल करून काढायचा तो विचित्र स्वर, ज्याला आपल्याकडे अक्षरच नाही. हे यूट्यूब बघून येत नाही, कोणीतरी समोर बसून "परत म्हण, परत म्हण" करावं लागतं. माझ्या मते ४ ते ६ जण बेस्ट. दोघांचीच बॅच नको, एक जण आला नाही की गप्पा मारायला कोणी उरत नाही.

पैसे भरायच्या आधी हे विचारा: बॅचमध्ये जास्तीत जास्त किती जण घेणार, आणि मध्येच दोन-तीन जण सोडून गेले तर दुसऱ्या बॅचमध्ये ढकलणार का? हे दुसरं बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि मग महिन्याभरात ए-वनची तीन वेगवेगळ्या धड्यांवरची माणसं एकत्र बसलेली असतात. डेमो क्लास मागा आणि त्यात फक्त एवढंच बघा की विद्यार्थी किती बोलतात. शिक्षक तिकडून ऑनलाइन शिकवणार असतील तर वेळेचं गणित करा, तिथले संध्याकाळचे ७ म्हणजे आपले उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात. शिक्षक बेल्जियममधले असतील (तिथेही डच बोलतात) तर 'ख' मऊ ऐकू येईल, ते चालतं, आइंडहोवनकडेही तो मऊच असतो.

क्लास सुरू झाला की व्याकरण घरी वाचून जायचं आणि क्लासमध्ये बोलून घ्यायचं, फी त्याचीच देतोय आपण. मराठी माणसाला काही गोष्टी सोप्या जातात. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी म्हणतो, डचमध्येही तसंच. 'कारण मी पुण्यात राहते' म्हणताना क्रियापद शेवटी, तिथेही 'ओमदात इक इन पुणे वोन', वोन म्हणजे राहते, ते शेवटी. अडकायला होतं ते साध्या वाक्यात, तिथे क्रियापद दुसऱ्या नंबरवर लागतं, 'मॉर्खन खा इक नार डेन हाख', म्हणजे उद्या जाते मी हेगला. आणि वेळ सांगताना 'हाल्फ द्री' म्हणजे साडेतीन नाही, अडीच! डॉक्टरची अपॉइंटमेंट यावर चुकते. 'द' आणि 'हेत' (दोन्ही इंग्लिशमधल्या 'the'सारखे, कुठल्या शब्दाला कुठला ते ठरलेलं) शब्दासोबतच पाठ करा, नियम शोधत बसू नका.

पहिल्या दोन आठवड्यांत बाराखडीसारखी एबीसीडी पक्की करा, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. तिथे ई हे अक्षर 'ए' म्हणतात आणि आय ला 'ई', जे ला 'ये', एच ला 'हा'. म्हणजे जोशी हे आडनाव फोनवर सांगायचं तर 'ये, ओ, एस, हा, ई'. इंग्लिशसारखं सांगितलंत तर समोरचा भलतंच टाइप करेल आणि तुमची फाइल सापडणार नाही. स्वतःचं आडनाव, जन्मतारीख, पत्ता, ईमेल हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे.

मग शिक्षकांना सांगून सीन करून घ्या. सगळ्यात कामाचा सीन म्हणजे हाउसआर्ट्सला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला फोन. ऑनलाइन असाल तर दोघांनी कॅमेरा बंद करायचा, कारण चेहरा दिसत नाही तेव्हाच खरी परीक्षा. एक जण असिस्टंट, ती आधी जन्मतारीख विचारणार, मग काय होतंय, कधीपासून, ताप किती. बॅचमधला प्रत्येक जण वेगळं दुखणं घेऊन येतो आणि बाकीचे ऐकतात, त्यातच निम्मे शब्द पाठ होतात. दुसरा सीन आल्बर्ट हाइन या सुपरमार्केटचं काउंटर, 'विल्त यू द बॉन?' म्हणजे बिल हवंय का. मुलं असतील तर शाळेची पत्रं वाचून घ्या, तिथे मूल ४ वर्षांचं झालं की शाळेत जातं आणि पत्रं डचमध्येच येतात.

एक वाक्य मात्र जायच्या आधी तोंडावर बसवाच, कारण तुमचा उच्चार ऐकला की डच माणूस मदत म्हणून लगेच इंग्लिशवर जातो: 'इक लेअर नेडरलान्त्स, माख हेत इन हेत नेडरलान्त्स?' मी डच शिकतेय, डचमध्ये बोलूया का? बहुतेक जण हसून हो म्हणतात आणि हळू बोलतात.

व्हिसा हातात आला की पॅकिंगच्या गडबडीत लोक क्लास सोडतात, तसं करू नका, शेवटचे दोन-तीन क्लास नुसते बोलण्यासाठी ठेवा. आणि तिकडे पोचल्यावर गावातल्या लायब्ररीत टालकॅफे आहे का विचारा, तिथे स्थानिक लोक नवीन आलेल्यांशी डचमध्ये गप्पा मारायला बसतात. कितीतरी ठिकाणी ते फुकट असतं, पहिल्याच आठवड्यात जाऊन या.