'रिटर्न धिस'ने खाल्लेले माझे दोन दिवस

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत फॉर-ईच लूप (यादीतली एकेक वस्तू क्रमानं हातात देणारा) 2004 पासून आहे, तो सगळ्यांना येतो. आपला कलेक्शन क्लास त्यात चालवायचा तर इटरेबल इम्प्लिमेंट करून इटरेटर (एकेक वस्तू काढून देणारा ऑब्जेक्ट) परत देणारी त्याच नावाची मेथड लिहायची, हेही माहीत असेल. मी मार खाल्ला तो याच मेथडच्या एका ओळीत.

बिलांची यादी सांभाळणारा क्लास होता. एकच बिल दोनदा आलंय का, ते लूपात लूप घालून शोधायचं. मी शहाणपणा करून हॅजनेक्स्ट (अजून आहे का?), नेक्स्ट (पुढचं दे) आणि इंडेक्स (कुठवर आलो ती खूण) त्याच क्लासात कोंबले आणि इटरेटर मेथडमधून 'रिटर्न धिस' केलं, म्हणजे दर वेळी तोच ऑब्जेक्ट परत दिला. पहिल्यांदा चाललं. दुसऱ्यांदा लूप फिरवला तर रिकामा! एका सीनियरनं जाता जाता सांगितलं, "आधी इंडेक्स शून्य कर ना." इटरेटर मेथडमध्ये तसं केलं, टेस्ट पास. कारण टेस्टच्या डेटात डुप्लिकेट होतं पहिलं आणि चौथं बिल. खऱ्या डेटात तिसरं आणि पाचवं होतं. ते निसटलं.

पाच बिलं कागदावर मांडा. बाहेरचा लूप पहिलं बिल उचलतो, इंडेक्स 1. आतला सुरू होताना इंडेक्स पुन्हा 0, मग पाचही बिलं फिरून 5. बाहेरचा विचारतो, अजून आहे का? इंडेक्स तर 5. संपलं. तुलना व्हायला हव्या होत्या 25, झाल्या 5. एरर नाही, वॉर्निंग नाही. पोथी एक, वाचणारे दोन आणि खूणही एकच, दुसरं काय होणार!

उपाय अगदी छोटा आहे, घाबरू नका. इंडेक्स, हॅजनेक्स्ट आणि नेक्स्ट एका इनर क्लासात हलवा आणि इटरेटर मेथडमधून दर वेळी त्याचा नवा ऑब्जेक्ट 'न्यू' करून द्या. यादीची कॉपी होत नाही, नवी होते ती फक्त खूण.

फॉर-ईचमध्ये फिरताना यादीतून थेट काही काढू नका, कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन (फिरताना यादी बदलली, अशी तक्रार करणारी एरर) येऊ शकतं, थ्रेड एकच असला तरी. जावा 8 पासून अटीत बसणाऱ्या वस्तू काढणारं रिमूव्हइफ आहे, ते वापरा. आणि अ‍ॅरेलिस्टनं, म्हणजे जावाच्या तयार यादीनं, भागत असेल तर स्वतःचं कलेक्शन लिहूच नका. माझं तेव्हा भागत होतं, पण सांगतो कोणाला! जाता जाता उत्तर देणाऱ्या सीनियरपेक्षा "कागदावर काढून दाखव" म्हणणारा खडूस बरा.

आता क्लास लिहिला की माझी पहिली टेस्ट ठरलेली: तीन वस्तू, लूपात लूप, जोड्या नऊ.