पनीर युनिटच्या फरशीला ड्रेन कसा निवडावा

सांगलीकडे कुपवाड किंवा पलूसला गाळा घेतला की मशिनरीची कोटेशनं आधी येतात, आणि मोरीचं काम गवंड्यावर सोडलं जातं. तो बाथरूमची नेहमीची नहाणी ट्रॅप आणि जाळी बसवून मोकळा होतो. कोबा पडल्यावर बदल करायचा तर फोडाफोडी आलीच. तेव्हा ड्रेन आधी ठरवा.

सुरुवात पाण्याच्या हिशोबानं. २०० लिटर दुधाच्या पनीरमधून साधारण १६० लिटर निवळी, म्हणजे दूध फाटल्यावर सुटणारं पाणी, निघते. ती खरं तर कॅनमध्ये धरून गोठ्याला द्यावी. पण व्हॅटचा (दूध फाडायच्या टाकीचा) व्हॉल्व्ह चुकून उघडा राहिला तर सगळी फरशीवर येणार, म्हणून हिशोबात धरायचीच. दोन मिनिटांत वाहिली तर मिनिटाला ८० लिटर. धुण्याच्या पाइपाखाली २० लिटरची बादली लावून वेळ मोजा. मिनिटात भरली आणि असे दोन पाइप असतील, तर आणखी ४०. एकूण सेकंदाला २ लिटर. बाथरूमच्या जाळीला हे पेलत नाही. आउटलेट ११० मिमीचं घ्या.

खरी गडबड उष्णतेची. निवळी ७० अंशांच्या आसपास असते आणि साधा पीव्हीसी पाइप ६० च्या पुढे मऊ पडून दोन आधारांमध्ये झोळ खातो. त्या झोळात छेन्याचा चुरा बसतो, आंबतो, वास सुटतो. लोक मात्र ट्रॅपमध्ये फिनेल ओतत राहतात. व्हॅटपासून बाहेरच्या चेंबरपर्यंतची लाइन स्टेनलेस स्टीलची किंवा पीपीची (पॉलिप्रॉपिलीन, उष्णता सोसणारं प्लास्टिक) टाका. ड्रेनची बॉडी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसची पुरते. मिठाचं पाणी रोज पडणार असेल तर ३१६.

कोटा आणि शहाबादी दोन्ही चुनखडीचे दगड. आंबट निवळी त्यांना खाते, आणि सुरुवात जाळीच्या कडेपासूनच होते. तिथे पीयू (पॉलियुरेथेन) फ्लोअरिंग, नाहीतर ॲसिडप्रूफ टाइल आणि इपॉक्सी सांधा.

ढाळ मीटरला १५ मिमी धरा, म्हणजे ३ मीटरला ४५. एकाच ठिकाणी जाळी दिली तर चारही बाजूंनी ढाळ काढावा लागतो आणि ट्रॉली डुगडुगते. व्हॅटच्या पुढ्यात लांब चॅनेल घेतलं तर ढाळ एकाच दिशेनं पुरतो. चॅनेल व्हॅटच्या पोटाखाली नको, तिथे हात पोचत नाही.

दुकानात जाळी, चुरा अडवणारी बास्केट आणि ट्रॅपची वाटी हातानं उचलून पाहा. पान्याशिवाय निघत नसेल तर कामगार ती कधीच धुणार नाहीत. वाटीत ५० मिमी पाणी उभं राहायला हवं, नाहीतर गटाराचा वास आणि झुरळं आत येतात. सुट्टीनंतर ते सुकलेलं असतं, तांब्याभर पाणी ओता. संडासाची लाइन या लाइनला इमारतीच्या आत जोडू नका.

कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपाचा ढाळ बिघडवते. ती काढून मुरूम भरून धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा. २०१९ च्या महापुरात पाणी चढलं तशा सखल भागात गाळा असेल, तर बाहेरच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं आत येऊ न देणारा) हवाच.

फ्लोअरिंगचा वरचा थर टाकण्याआधी कोब्यावर चार-पाच बादल्या ओता. दहा मिनिटांनी जिथे पाणी साचलेलं दिसेल तिथे खडूनं गोल करा आणि गवंडी साइटवर असतानाच ते भरून घ्या.