इंकजेटने थेट तांब्यावर सर्किट छापायचं असेल तर बोर्ड असा तयार करा

छपाई फिसकटली की बहुतेक जण प्रिंटरच्या सेटिंगमध्ये डोकं घालून बसतात. दोष जवळपास नेहमी बोर्डाचा असतो. शाई पाण्यातली असते; तांब्यावर तेलकटपणा नावाला जरी राहिला तरी ती पसरत नाही, थेंब होऊन गोळा होते. पिझो हेडचा (शाई उष्णतेने नव्हे, दाबाने फेकणारा), पिगमेंट शाईचा (रंगाचे न विरघळणारे बारीक कण असलेली शाई) आणि जाड बोर्ड सरळ आत घेईल असा बदललेला प्रिंटर तुमच्याकडे आहे, हे धरून पुढे लिहितोय.

बोर्ड ग्लास इपॉक्सीचाच (काचेच्या धाग्यांचा) घ्या, तांब्याचा थर ३५ मायक्रॉन जाडीचा. तपकिरी कागदी बोर्ड स्वस्त पडतो, पण छापलेली शाई पक्की करायला भाजताना फुगतो. कापून झाल्यावर चारही कडा कानसीने घासा. वर आलेली धार प्रिंटरच्या हेडला लागली तर बोर्डाच्या शंभरपट खर्च होईल.

आता घासणं. तांब्याची घागर चिंच-मिठाने लखलखते, म्हणून बोर्डही तसाच घासा, हा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. ऐकू नका. चिंचेचा गर पातळ थर सोडतो, आणि मिठाचा अंश राहिला तर तांबं लगेच पुन्हा काळवंडतं. भांड्यांच्या पावडरीही नकोत, त्यांचे कण मागे राहतात. स्टील वूल तर अजिबात नको; त्याला गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं. हिरवी घासणी घ्या, नवी कोरी, आणि धुण्याचा सोडा: लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे. गोल गोल घासा. एकाच दिशेने घासलं तर ओरखडे पडतात आणि शाई त्यांतून नाल्यातल्या पाण्यासारखी वाहते. इथून पुढे हातमोजे, आणि बोर्ड फक्त कडेने धरायचा.

खरी परीक्षा यानंतर. बोर्डावर पाणी ओता आणि तो उभा धरा. पाण्याचा सलग पडदा अर्धा मिनिट टिकला पाहिजे. कुठे फाटला, कडेकडून मागे सरकला, तर तिथे तेल आहे. पुन्हा सोडा, पुन्हा घासणी. मात्र कुठे साबण वापरला असेल तर ही परीक्षा तो पूर्ण धुतल्यावरच घ्या. साबणाचा अंश असला तर पडदा खोटा टिकतो आणि शाई नंतर दगा देते. शेवटी स्पिरिटने पुसण्याचा सल्लाही याच कारणाने चुकीचा: स्पिरिट तेल विरघळवतं आणि पुसताना बोर्डभर सारवतं. शेवटचा हात पाण्याचाच हवा.

पडदा टिकला तरी तांबं अजून फार गुळगुळीत असतं. त्याला बारीक खरखरीतपणा द्यावा लागतो. एचिंगचं (नको असलेलं तांबं विरघळवण्याचं) तयार फेरिक क्लोराईड एक भाग आणि पाणी दहा भाग, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये. बोर्ड २० ते ३० सेकंद बुडवून हलवत राहा. चकाकी जाऊन सगळीकडे सारखा मॅट गुलाबी रंग आला की बाहेर. डाग डाग दिसले तर तेल राहिलंय, मागे जा. बाहेर काढून थेट नळाखाली धरू नका. साध्या पाण्यात लोखंडाचा तपकिरी साका तांब्यावर बसतो. आधी सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात (लिटरला ५० ग्रॅम) अर्धा मिनिट, मग भरपूर पाणी.

शेवटची धुलाई बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने. बेळगाव जिल्ह्यात अथणी-चिकोडीकडे बोअरचं पाणी क्षाराचं असतं. वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात आणि ट्रॅक (सर्किटच्या रेषा) नेमके तिथेच तुटतात. फडक्याने पुसू नका. बोर्ड उभा करून हेअर ड्रायरने वाळवा आणि कोमट असतानाच छापा. खानापूर-जांबोटीच्या पावसाळी हवेत हे जास्तच पाळा: तिथे तांब्याला दमट हवा लवकर लागते. तयार बोर्ड उद्यासाठी ठेवायचा नाही. ठेवलाच, तर ॲसिड आणि धुलाई पुन्हा.

छापताना एक लक्षात ठेवा: टोनर ट्रान्सफरची (लेझर प्रिंटरने कागदावर छापून ते इस्त्रीने तांब्यावर उतरवण्याची) सवय असेल तर तिथे चित्र आरशातल्यासारखं छापतात; इथे ते सरळच ठेवावं लागतं, कारण छपाई थेट तांब्यावर होते.

शाई २०० अंशांच्या आसपास दहा मिनिटं भाजा, हवेशीर जागी, आणि स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. मग नेहमीचं एचिंग: शाईखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळतं.

शाईचे गोल थेंब झाले तर तेल. ट्रॅकच्या कडा केसाळ झाल्या तर ओरखडे किंवा ओलसर बोर्ड. एचिंगमध्ये शाई पापुद्र्याने सुटली तर मॅट करण्याची पायरी कमी पडली, किंवा भाजणी.

वापरलेलं फेरिक क्लोराईड गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. त्यात विरघळलेलं तांबं पिकाला आणि माशांना मारक आहे. फेस उसळतो म्हणून मोठ्या बादलीत, थोडा थोडा धुण्याचा सोडा घालत जा. फेस थांबला की गाळ खाली बसू द्या, आणि तो गाळ वाळवून बंद डब्यात वेगळा ठेवा.