विमानाच्या धडाला रिव्हेट मारताना डॉली धरणाऱ्याचं ऐका

भोकं पाडून, बर म्हणजे भोकाच्या कडेचे धारदार कंगोरे काढून, प्रायमर मारून पत्रा क्लेकोंनी, म्हणजे भोकात बसणाऱ्या तात्पुरत्या पिनांनी, फ्रेमवर बसवलाय, असं धरून चालतो. रिव्हेट विमानाचेच, ‘एडी’ जातीचे म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, डोक्यावर बारीक खळगा असलेले. हार्डवेअरच्या दुकानातले पॉप रिव्हेट खिडकीच्या चौकटीला ठीक आहेत. लांबी म्हणजे एकत्र जोडायच्या पत्र्यांची जाडी अधिक रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळीच उरका. दोन मीटरचा पत्रा १५ अंशांनी तापला की जवळजवळ ०.७ मिलिमीटर वाढतो. बाहेरचा पत्रा उन्हात आणि आतली फ्रेम गार असेल, तर काल जुळलेली भोकं आज जुळत नाहीत. मग लोक रागारागाने ड्रिल फिरवून भोक मोठं करतात. अजिबात करू नका. पत्रा सावलीत आणा, निवू द्या. रिव्हेट मधून सुरू करून कडेकडे न्या, नाहीतर पत्रा मध्ये फुगतो आणि दाबला की टकटक वाजतो.

आता खरं काम. बाहेर हवेच्या दाबावर चालणाऱ्या गनने रिव्हेटचं डोकं ठोकणारा गनवाला, आत धडात अंग चोरून बसलेला, रिव्हेटच्या शेपटीला डॉली म्हणजे जड लोखंडी ठोकळा लावून धरणारा डॉलीवाला. सगळ्यांना गन हातात हवी असते, पण मालक आतला. डॉली रिव्हेटच्या शेपटीवर सपाट टेकल्याशिवाय ट्रिगर दाबलात, तर पत्र्याला पोचा पडलाच म्हणून समजा. तो निघत नाही, पुट्टीखालीही लपत नाही. थांबताना आधी गन थांबते, मग डॉली निघते. गनचा रेटा डॉलीपेक्षा किंचित जास्त हवा. नाहीतर डोकं पत्र्यापासून उचलतं आणि फट राहते.

‘दाब कमी ठेवा, हळूहळू ठोका’ हा सल्ला हमखास मिळतो, पण तो ऐकू नका. फार ठोकलेला रिव्हेट कडक होऊन चिरतो. ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटला गनच्या हवेचा दाब साधारण ४० पीएसआयपासून (पौंड प्रति चौरस इंच) सुरू करा आणि भंगार पत्र्यावर दाब जुळवून घ्या. एक-दोन सेकंदांत काम झालं पाहिजे. शेपटी चेपून तयार झालेलं मागचं डोकं रुंदीला ४.८ आणि उंचीला १.६ मिलिमीटर भरावं.

बोलून काही उपयोग नाही. कानात बोळे, वर गनचा आवाज, आणि आमच्यासारखा शेजारी यंत्रमाग असेल तर बघायलाच नको. खुणा पक्क्या करा: आतून पत्र्यावर एक टकटक म्हणजे अजून मार, दोन म्हणजे झालं, तीन म्हणजे बिघडला. तीन वाजले की वाद घालायचा नाही.

किंचित वाकडा पण मापात बसणारा रिव्हेट तसाच ठेवा. काढण्याच्या नादात भोक मोठं झालं तर नुकसान जास्त. काढायचाच असेल तर खळग्यात बिट टेकवून डोक्याच्या जाडीइतकंच ड्रिल करा, डोकं पंचाने मोडा, मागून जड आधार देऊन दांडा हलकेच बाहेर ठोका.