फॅटी लिव्हर निघालं? मग मूत्रपिंडंही तपासून घ्या

सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ असं आलं की बहुतेक जण एसजीपीटी (रक्तात मोजलं जाणारं यकृताचं एन्झाइम) बघतात आणि ते नॉर्मल असलं की फाईल कपाटात ठेवून देतात. असं करू नका. पोटावरची चरबी, इन्सुलिनला दाद न देणारं शरीर, वाढलेला रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड्स यांमुळे यकृतात चरबी साचते, आणि याच गोष्टी मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांनाही इजा करत असतात. शिवाय चरबीने सुजलेलं यकृत दाह वाढवणारे घटक रक्तात सोडतं. यकृतात फायब्रोसिस (व्रणासारखे कडक तंतू) जितका जास्त, तितका मूत्रपिंडांना धोका जास्त. मधुमेह नसला तरी हा धोका राहतोच.

तपासण्या दोन, आणि दोन्ही हव्यात: रक्तातलं क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ (त्यावरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती वेगाने गाळतात याचा अंदाज, काढतात) आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे यूएसीआर (अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रथिन). नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नका. मूत्रपिंडांची जवळपास निम्मी क्षमता जाईपर्यंत ते नॉर्मल दिसू शकतं. लघवीत अल्ब्युमिन बहुधा त्याआधीच झिरपू लागतं. साध्या लघवी तपासणीत ‘प्रोटीन निल’ आलं तरी यूएसीआर करायचंच, कारण तिथल्या पट्टीला थोडं अल्ब्युमिन दिसत नाही.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा, मधल्या धारेचा द्या. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग किंवा पाळी असेल, किंवा आदल्या दिवशी दमछाक करणारा व्यायाम झाला असेल, तर आकडा खोटा वाढतो. तपासणी पुढे ढकला. क्रिएटिनिनसाठी रक्त देण्याच्या आदल्या रात्री भरपूर मांसाहार टाळा. जिममधली क्रिएटिन पावडर घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा.

यूएसीआर ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या खाली असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे मूत्रपिंडाला इजा होत असल्याची खूण. ३०० च्या वर गेल्यास नेफ्रॉलॉजिस्टकडे (मूत्रपिंडतज्ज्ञांकडे) जा. ईजीएफआर ६० च्या खाली असेल तर तीही धोक्याची खूण. मात्र एकाच अहवालावरून जुनाट आजाराचा शिक्का मारत नाहीत. बिघाड तीन महिन्यांहून अधिक टिकलेला दिसावा लागतो. म्हणून पुन्हा तपासणी करायची.

यकृताची बाजू घरीच मोजता येते. रक्ताच्या अहवालातल्या आकड्यांवरून फिब-४ हा फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा असा काढा: वय गुणिले एसजीओटी (हेही एक एन्झाइम), भागिले (प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). प्लेटलेट्स हजारांत घ्या, म्हणजे दोन लाख असतील तर २००. वय ५०, एसजीओटी ४०, एसजीपीटी ४९ आणि प्लेटलेट्स दोन लाख असतील, तर २००० भागिले १४००, म्हणजे १.४३. १.३ च्या खाली असल्यास गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी (वय ६५ च्या पुढे ही मर्यादा २.० धरतात). त्यावर असल्यास फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करा. त्यात ८ किलोपास्कल किंवा जास्त आल्यास यकृततज्ज्ञांना दाखवा.

उपचारात सगळ्यात जास्त वजनदार गोष्ट म्हणजे वजनच. ५ टक्के घटलं की यकृतातली चरबी उतरू लागते, १० टक्के घटलं तर फायब्रोसिसही मागे हटू शकतो. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला. साखरेची पेयं बंद करा, कारण त्यातलं फ्रुक्टोज यकृतात चरबी आणि रक्तात युरिक अॅसिड वाढवतं. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा. रक्तदाब १३०/८० च्या खाली आणण्याचं लक्ष्य डॉक्टरांशी बोलून ठरवा.

इथे हमखास होणाऱ्या काही चुका आहेत. वजन उतरवायला प्रोटीन पावडरचा मारा करणं. ईजीएफआर कमी असेल तर प्रथिनं साधारण ०.८ ग्रॅम प्रति किलो वजन एवढीच ठेवतात. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घेत राहणं, जे मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतं. ‘लिव्हर साफ करणारे’ काढे घेणं. त्यांतले काही घटक यकृत आणि मूत्रपिंडं दोन्हींना अपाय करू शकतात. आणि फॅटी लिव्हर आहे म्हणून डॉक्टरांनी दिलेलं स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) परस्पर बंद करणं. या आजारात स्टॅटिन साधारणपणे सुरक्षित असतं आणि हृदयाला त्याची गरज असते.

मधुमेह असेल तर एसजीएलटी-२ गटातल्या किंवा सेमाग्लुटाइडसारख्या औषधांबद्दल विचारा. त्यांचा मूत्रपिंडांना फायदा होतो आणि यकृतातली चरबीही घटते. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध मात्र ईजीएफआर ३० च्या खाली गेल्यास थांबवावं लागतं.

सगळं ठीक आलं तरी यूएसीआर आणि क्रिएटिनिन वर्षातून एकदा करा. लघवीला टिकून राहणारा फेस येऊ लागला किंवा पायांवर सूज चढली, तर वर्ष संपायची वाट न बघता लगेच दाखवा.