एडीएचडी असलेल्या मुलाला मदत करताना या चुका टाळा

एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाणारी, मेंदूच्या वाढीशी संबंधित अडचण) असलेल्या मुलाला विचारा, वर्गात मध्येच ओरडून उत्तर द्यावं का? ते लगेच ‘नाही’ म्हणेल. दप्तर रात्रीच भरून ठेवायचं असतं, हेही त्याला पाठ असतं. अडतं ते ऐन वेळी: ते आठवणं, हातातलं सोडणं, सुरुवात करणं आणि शेवटपर्यंत टिकणं. म्हणून सकाळी घरी दिलेली समज दुपारच्या तासाला कामी येत नाही आणि रविवारचं बक्षीस मंगळवारचा गृहपाठ करून घेत नाही. बहुतेक चुका इथेच होतात. मदत केली जाते, पण काम जिथे आणि जेव्हा अडतं तिथून ती फार लांब असते.

‘टीव्हीसमोर बरा तासभर बसतो!’

हा एडीएचडी नसल्याचा पुरावा नाही. या मुलांकडे लक्ष नसतं असं नाही. ते हवं तिथे वळवणं आणि नको तिथून काढणं त्यांना जड जातं. टीव्हीवर दर काही सेकंदांनी काहीतरी घडतं, मोबाइलवरच्या खेळात तर गुणही मिळतात. गणिताच्या वहीत तसं काही घडत नाही. मुलाला आळशी ठरवलं की उपाय शोधायचे थांबतात, हा यातला खरा तोटा. उलट बाजूची चूकही तितकीच होते: जागेवर शांत बसून खिडकीबाहेर बघणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्या अडचणीकडे वर्षानुवर्षं कुणाचं लक्षच जात नाही.

दुसऱ्या खोलीतून सूचना देणं

‘तोंड धू, कपडे बदल, दप्तर भर आणि बूट घाल’ या चार कामांपैकी एखादंच डोक्यात राहतं. मग तीच सूचना पाच वेळा, दर वेळी आवाज चढवून दिली जाते. पहिल्या चार वेळा ऐकलं नाही तरी चालतं, हे मूल त्यातून शिकतं.

त्याऐवजी जवळ जा, हाताच्या अंतरावर. नाव घ्या, हातातलं थांबू द्या. मग एकच काम थोड्या शब्दांत सांगा: ‘बूट घाल.’ काय करायचं ते त्याच्या तोंडून ऐका आणि दहा सेकंद गप्प उभे राहा. हे दहा सेकंद मोठ्यांनाच कठीण जातात, पण मूल कामाला लागतं ते याच वेळात. ‘बूट घालतोस का जरा?’ असं विचारू नका. प्रश्नाला ‘नाही’ हेही उत्तर असतं. सकाळच्या कामांची एक लांब यादी भिंतीवर लावण्यापेक्षा तिचे तुकडे करा. दात घासण्याचं चित्र आरशाजवळ लावा, डबा-पाण्याची बाटली-वह्या ही यादी दाराच्या आतल्या बाजूला, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर.

‘संपल्याशिवाय उठायचं नाही’

गृहपाठावरून होणारी बरीचशी भांडणं या वाक्यापासून सुरू होतात. शाळेतून आल्यावर अर्धा-पाऊण तास खाणं आणि धावपळ होऊ द्या, पण स्क्रीन नको. तिथून उठवण्यातच पुढचा तास जातो. लहान मुलासाठी 10 मिनिटं काम, मोठ्यासाठी 15 ते 20, मग 3 ते 5 मिनिटं सुट्टी. वेळ सरताना दिसेल असा टायमर समोर ठेवा, कारण ‘पाच मिनिटं’ म्हणजे किती याचा अंदाज या मुलांना सहसा येत नाही. पानाचा खालचा अर्धा भाग कोऱ्या कागदाने झाका. पहिलं गणित सोबत सोडवा. सुरुवात झाली की पुढचं तुलनेने सोपं जातं.

सुट्टीनंतर मूल परत येत नसेल, तर सुट्टीत काय दिलंय ते तपासा. पाणी पिणं, वीस उड्या, जिन्याची एक फेरी या गोष्टी आपोआप संपतात; मोबाइल संपत नाही. एवढं करूनही रोज रडारड होत असेल, तर शिक्षकांशी बोलून वेळेची मर्यादा ठरवा. तेवढा वेळ मनापासून काम झालं की पालकांनी सही करून वही बंद करायची. वीस सारख्याच गणितांतली दहा बरोबर सुटली असतील, तर उरलेली दहा नवीन काही शिकवत नाहीत.

झालेला गृहपाठ घरीच राहतो, ही तर नेहमीची तक्रार. दोन कप्प्यांचं एकच फोल्डर ठेवा, ‘करायचं’ आणि ‘द्यायचं’. काम संपताक्षणी कागद फोल्डरमध्ये, फोल्डर दप्तरात, दप्तर दाराशी. आणि शिक्षकांनी ठरलेल्या वेळी तो मागून घ्यावा. शेवटचा हा दुवा नसेल, तर कागद शाळेत जाऊन परत येतो.

बक्षिसांचा तक्ता चौथ्या दिवशी बंद पडतो

कारण त्यावर सहा-सात गोष्टी असतात, त्यातली एक ‘नीट वागणं’ असते आणि बक्षीस आठवड्याने मिळतं. दोन-तीनच वागणुकी निवडा, त्याही मोजता येणाऱ्या: ‘सांगितल्यावर दहा सेकंदांत उठला’. त्यातली एक त्याला आधीपासून बऱ्यापैकी जमणारी असू द्या. स्टिकर किंवा टोकन त्याच मिनिटाला हातात पडावं आणि त्याच दिवशी वापरता यावं: झोपताना जास्तीची एक गोष्ट, आवडीचा खेळ. पहिल्या आठवड्यात चारपैकी तीनदा यश मिळेल इतकं सोपं ठेवा. मिळवलेले स्टिकर रागाने काढून घेऊ नका. खातं शून्याखाली गेलं की प्रयत्न करायला कारणच उरत नाही. दोन-तीन आठवड्यांनी उत्साह ओसरतो, तेव्हा नियम तेच ठेवून बक्षिसं बदला. आणि ‘आता जमतंय’ म्हणून तक्ता एकदम काढू नका. आधाराच्या जोरावरच ते जमत असतं.

शिक्षेलाही हेच लागू. आधी सांगितलेली, लगेच होणारी, छोटी. आठवडाभर खेळ बंद केला, तर दुसऱ्या दिवशी त्याचा आणि चुकीचा संबंध मुलाच्या मनात उरलेला नसतो.

शाळेत

मधली सुट्टी कापणं ही सर्वांत महागात पडणारी शिक्षा आहे. ज्याला हालचालीची गरज जास्त, त्याचीच हालचाल बंद केली, तर पुढचे तास आणखी कठीण जातात. जागा शिक्षकांजवळ, दार-खिडकीपासून दूर आणि शांत मुलांशेजारी द्या. वह्या वाटणं, फळा पुसणं अशी उठण्याची कामं त्याच्याकडे सोपवा.

शिक्षकांनी भरून घरी पाठवायचं रोजचं कार्ड उपयोगी पडतं, पण ते तक्रारवही झालं की मूल ते हरवू लागतं. त्यावर तीन उद्दिष्टं असावीत, प्रत्येक तासाला हो किंवा नाही, आणि त्यावरचं बक्षीस घरी, त्याच संध्याकाळी. ‘नाही’वर घरी पुन्हा रागवायचं नाही.

तपासणी आणि औषध

निदानासाठी लक्षणं 12 वर्षांच्या आधीपासून, किमान 6 महिने आणि घर-शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात. सगळं करूनही फरक पडत नसेल, तर दृष्टी, श्रवण, झोप, वाचन-लेखनातली अडचण आणि चिंता तपासून घ्या. एडीएचडीसोबत यांपैकी काही असणं मुळीच दुर्मीळ नाही. साखर बंद करून मात्र एडीएचडी जात नाही.

सहा वर्षांखालच्या मुलांत आधी पालकांचं प्रशिक्षण, औषधाचा विचार नंतर. गोळी स्वतःच्या मनाने कमी-जास्त किंवा बंद करू नका. मेथिलफेनिडेट या एडीएचडीवर नेहमी दिल्या जाणाऱ्या औषधाने दुपारची भूक मंदावू शकते. म्हणून डोसच्या आधी पोटभर खाणं आणि संध्याकाळी परत एक जेवण द्या. उशिरा घेतलेला डोस झोप उडवू शकतो. मूल बिथरलं की ‘आज गोळी घेतली नाहीस का?’ असं कधीही विचारू नका. त्याने केलेलं चांगलं काम गोळीचं आणि चुका तेवढ्या त्याच्या, असं त्याला वाटू लागतं.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद सोबत न्या: डोसची वेळ, जेवण, झोपेची वेळ, चिडचिड किती वाजता झाली आणि शाळेची कार्डं. डोस किती आणि केव्हा द्यायचा हे ठरवायला त्यांना नेमकं हेच लागतं.